निष्कासनळीचे स्वामित्व : भंडारा जिल्ह्यातील मालमोटारींच्या इतिहासातील एक प्रश्न

मोटारीच्या इतिहासाचे लेखन बहुधा तिच्या एंजिनाभोवती आणि ती ज्या रस्त्यावरून धावते त्या रस्त्याभोवती फिरत राहते. एंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराची वाट हा विषय त्यात उपेक्षित राहिला, आणि त्याचे कारणही उघड आहे. ही नळी गाडीच्या पोटाखाली असते, चिखलाने माखलेली असते, आणि गंजून गळून पडेपर्यंत मालकाचे तिच्याकडे लक्ष जात नाही. तथापि मालकाला स्वतःच्या मोटारीत बदल करण्याचा अधिकार कितपत आहे, कारागिराचे काम कोठे संपते व कारखान्याचे कोठे सुरू होते, आणि रस्त्याच्या कडेला राहणाऱ्या माणसाच्या कानांचा व फुप्फुसांचा या व्यवहारात काही वाटा आहे की नाही, हे तिन्ही प्रश्न याच नळीपाशी एकत्र येतात. लहान मालमोटारीची मूळ नळी काढून तिच्या जागी दुसरी बसविणे ही आज क्षुल्लक वाटणारी क्रिया. गेल्या शंभर वर्षांत तिचे स्वरूप प्रथम कारागिरीचे, नंतर परवान्याचे आणि शेवटी अपराधाचे कसे होत गेले, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरते.

यासाठी भंडारा जिल्हा सोयीचा आहे. नागपूरहून रायपूरकडे जाणारा जुना पूर्व मार्ग या जिल्ह्यातून जातो. तोच पुढे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ झाला आणि २०१० च्या पुनर्क्रमांकनानंतर क्रमांक ५३ म्हणून ओळखला जाऊ लागला. भंडारा, लाखनी, साकोली ही गावे या मार्गावरच वाढली. तुमसरची धानाची बाजारपेठ, चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी, वैनगंगेच्या काठचा भाजीपाला, या सर्वांना मालवाहतूक हवीच असते. शिवाय १९८२ पासून गडेगाव येथे अशोक लेलँडचा कारखाना आहे. म्हणजे मोटार वापरणारा शेतकरी, ती दुरुस्त करणारा मिस्त्री आणि ती निर्माण करणारा कारखाना हे तिघेही एकाच जिल्ह्यात, एकाच रस्त्यावर आढळतात.

प्रथम शब्दांविषयी थोडे. पारिभाषिक कोशाने या नळीस ‘निष्कासनळी’ म्हटले, तरी व्यवहारात तो शब्द रुजला नाही. चालक व मिस्त्री एंजिनापासून शेपटापर्यंतच्या साऱ्या नळीलाच ‘सायलेन्सर’ म्हणतात. वस्तुतः तो नळीच्या मधला केवळ एक डबा होय. पण लोकभाषेने भागाचे नाव पूर्णास दिले, आणि असे करताना या यंत्रभागाचे मुख्य कार्य शांतता राखणे हे आहे, अशी ग्वाही नकळत देऊन ठेवली. पुढे ज्या काळात सायलेन्सर आवाज वाढविण्यासाठी विकत घेतला जाऊ लागला, त्या काळातही नाव तेच राहिले.

या डब्याचे काम समजून घेतल्याशिवाय पुढील इतिहास कळणार नाही. चार फेऱ्यांच्या, चार सिलिंडरांच्या एंजिनात दर आवर्तनास दोन स्फोट होतात. एंजिन मिनिटाला दोन हजार आवर्तने करीत असेल, तर सेकंदास सुमारे सदुसष्ट वेळा तप्त वायूचा दाबयुक्त झोत झडपेतून सुटतो. हा झोत मोकळ्या हवेवर आदळला की बंदुकीच्या बारासारखा ध्वनी होतो. त्याला प्रथम मोठ्या कप्प्यात पसरू द्यावे, छिद्रे पाडलेल्या नळ्यांतून व पडद्यांतून वळवावे, म्हणजे दाबाच्या लाटा परस्परांना मारतात आणि शेपटातून तुलनेने सपाट प्रवाह बाहेर पडतो. अमेरिकेतील मिल्टन व मार्शल रीव्हज या बंधूंनी १८९७ मध्ये अशा साधनाचे पेटंट घेतले. बंदुकीचा आवाज दाबणारे साधन काढणाऱ्या हायरम पर्सी मॅक्सिमने तेच तत्त्व एंजिनांनाही लावले, हा योगायोग नव्हे. दोन्हींचे भौतिकशास्त्र एकच आहे.

मात्र या शांततेची किंमत असते. वायूच्या मार्गात अडथळा आला की मागे दाब साचतो आणि तो वायू बाहेर ढकलण्यात एंजिनाची काही शक्ती खर्च होते. म्हणूनच आरंभीच्या काळातील कित्येक मोटारींना सायलेन्सरच्या आधी एक झडप असे. चढ आला की चालक ती उघडी आणि गाडी गर्जत वर जाई. इंग्लंडात व इतरत्र या झडपेवर कायद्याने बंदी आली. सायलेन्सर शक्ती खातो ही समजूत तेव्हाच रूढ झाली, आणि तिच्यात सत्यांश असल्यामुळे ती आजतागायत टिकून आहे. सत्यांश किती, हा प्रश्न पुढे येईलच.

हिंदुस्थानात मोटारींविषयीचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ चा. त्या काळी भंडारा मध्य प्रांतात होता आणि मोटार ही अधिकाऱ्यांची, मालगुजारांची व व्यापाऱ्यांची वस्तू होती. दोन महायुद्धांच्या दरम्यान भाड्याच्या मोटारी व लॉऱ्या वाढल्या. १९२७ मध्ये मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या रस्तेविकास समितीने रस्त्यांचा प्रश्न प्रथम अखिल भारतीय पातळीवर मांडला. रस्ता व रेल्वे यांच्या स्पर्धेची चौकशीही त्यानंतर लवकरच झाली. या मंथनातून १९३९ चा मोटार वाहन कायदा निघाला आणि मध्य प्रांत व वऱ्हाड यांचे स्वतंत्र नियम १९४० मध्ये आले. पुढे १९४३ च्या अखेरीस देशातील मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूर येथे भरली आणि तिच्या आराखड्यास ‘नागपूर योजना’ हे नाव मिळाले, हेही येथे नमूद करण्याजोगे आहे. या योजनेने गाव व मोठा रस्ता यांमधील अंतर कमी करण्याचा विचार केला. लहान मालमोटारीचे पुढील सारे आयुष्य त्या अंतरातच गेले.

१९३९ च्या कायद्याचे या विषयापुरते मर्म असे की, मालकाने गाडीत केलेल्या बदलामुळे नोंदणीपत्रातील तपशील खोटा ठरत असेल, तर त्याने तो बदल चौदा दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावा. म्हणजे बदल आधी, खबर नंतर. गाडी मालकाची आहे, तो ती आपल्या गरजेप्रमाणे घडवील, आणि सरकारला केवळ तिची ओळख पटली पाहिजे, ही त्या व्यवस्थेची धारणा होती. त्या काळच्या मोटारीचे स्वरूप पाहता ती स्वाभाविकच म्हटली पाहिजे. कारखान्यातून येई ती एंजिन व चाके बसविलेली उघडी चासी. तिच्यावरील लाकडी वा लोखंडी सांगाडा स्थानिक सुतार व लोहार उभारीत. अर्धी गाडी तरी मालकाच्या गावीच जन्म घेई.

याच सुमारास मोटारीला बाहेरून साधन जोडण्याचा एक मोठा प्रयोग देशभर झाला, आणि त्याला सरकारची संमतीच नव्हे तर प्रोत्साहन होते. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे नियंत्रण आले तेव्हा बसगाड्यांच्या व लॉऱ्यांच्या पाठीशी लोणारी कोळशाच्या भट्ट्या बसविण्यात आल्या. मर्यादित हवेत जळणाऱ्या कोळशापासून कार्बन मोनॉक्साइडयुक्त वायू निघे. तो गाळून, थंड करून एंजिनात घेतला जाई. गाडी सुरू करण्यापूर्वी पंख्याचे हँडल फिरवून भट्टी पेटवावी लागे, गाडीची ताकद पेट्रोलच्या मानाने फार घटे, आणि वायू विषारी असल्याने बंद जागेत जिवाला धोका असे. तरीही वाहतूक चालू राहिली. येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे की, त्या वेळी एंजिनाच्या श्वासाची वाट बदलणे हा कारागिराचा अधिकारच नव्हे तर राष्ट्रीय गरज मानली गेली. उच्छ्वासाच्या वाटेबाबत पुढे नेमका उलट दृष्टिकोन घेतला गेला.

युद्धानंतर लष्कराने विक्रीस काढलेल्या मालमोटारी बाजारात आल्या, आणि त्यांचे सुटे भाग मिळेनासे झाल्यावर ते घडविण्याची विद्या मिस्त्र्यांना आत्मसात करावी लागली. १९५४ पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज डिझेल मालमोटारी तयार होऊ लागल्या. मद्रासकडे अशोक लेलँड हे नाव १९५५ मध्ये आले. पेट्रोलची जागा डिझेलने घेतली तसे धुराचे स्वरूप पालटले. काजळी दिसू लागली, आणि आवाजात ठोक्याची भर पडली. मधल्या काळात १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. मोटारमालकाच्या दृष्टीने या राज्यपुनर्रचनेचा अर्थ नियमांची वही बदलणे एवढाच; रस्ता, माल व मिस्त्री तेच राहिले.

मोठ्या ट्रकपेक्षा लहान मालमोटार जिल्ह्यात उशिरा रुळली. जीपच्या मागे हौदा बसवून केलेल्या गाड्या प्रथम आल्या. नंतर पुण्याच्या बजाज टेंपो कंपनीने १९६९ पासून काढलेली मॅटाडोर आली, आणि तिचा ठसा असा पडला की विदर्भात कोणत्याही लहान मालगाडीस कित्येक वर्षे ‘मेटाडोर’ म्हणत असत. १९८६ ची टाटा ४०७, १९८८ ची टाटामोबाइल, पुढे महिंद्राच्या पिकअप गाड्या आणि २००५ मधील टाटा एस या क्रमाने ही श्रेणी भरत गेली. पहाटे वांगी-टोमॅटो भरून नागपूरच्या कळमना बाजाराकडे जायचे, परतताना खत वा किराणा आणायचा, दिवाळीनंतर धानाची पोती मंडईत न्यायची आणि उन्हाळ्यात तणस वाहायची, हा अशा गाडीचा वार्षिक क्रम.

आता नळी बदलण्याच्या व्यवहाराकडे वळावयास हरकत नाही, कारण त्याचे खरे मूळ हौसेत नसून गंजात आहे. एक लिटर डिझेल जळले म्हणजे जवळजवळ एक लिटर पाण्याची वाफ तयार होते. गाडी लांब पल्ला धावली तर नळी तापून ही वाफ उडून जाते. पण गावातून मंडई आणि मंडईतून गाव अशा छोट्या खेपा करणाऱ्या गाडीची नळी पुरती तापतच नाही. पाणी डब्यात साचते आणि नळी आतून सडते. बाहेरून पावसाळ्यात बांधीतला चिखल तिच्यावर थर धरतो. यात गंधकाची भर पडे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकाच्या आरंभी भारतीय डिझेलमध्ये १ टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. जळल्यावर त्याची ऑक्साइडे पाण्यात मिसळून आम्ल होई. म्हणजे जुन्या मालमोटारीची नळी प्रत्येक खेपेस स्वतःच्या आम्लात भिजत असे. असा डबा छिद्रमय झाला की मालकापुढे तीन मार्ग उरत. कंपनीचा मूळ भाग आणावा, बाजारात मिळणारा दुसऱ्या बनावटीचा बसवावा, किंवा मिस्त्र्याकडून लोखंडी पत्र्याचा डबा वळवून घ्यावा.

निवडीचे निकष वरवर पाहता किमतीचे दिसतात, पण त्यांत तंत्राचाही भाग आहे. साध्या पोलादाची नळी स्वस्त, पण तिचे आयुष्य थोडे. ॲल्युमिनियमचा लेप दिलेली बरी. क्रोमियमयुक्त गंजरोधी पोलादाची टिकाऊ, परंतु तिचे वेल्डिंग साध्या हाताला साधत नाही. नळीचा व्यास मूळच्याहून फार कमी घेतला तर एंजिन गुदमरते. फार मोठा घेतला तर वायूचा वेग मंदावतो, नळी अधिक थंड राहते आणि पाणी अधिक साचते. शिवाय ती मागच्या आसाला वा स्प्रिंगच्या पट्ट्यांना घासू लागते. बसविताना पहिली अडचण जुने बोल्ट सुटण्याची असते. उष्णतेने जाम झालेला मॅनिफोल्डचा बोल्ट जबरदस्तीने फिरविला तर तुटतो, आणि मग स्वस्त नळीपायी दिवसभराचे काम निघते. म्हणून जाणता मिस्त्री आदल्या संध्याकाळीच त्यावर तेल सोडून ठेवतो. फ्लँजमधील गॅस्केट नवीन घालावे लागते, कारण तेथून गळती झाली तर वायू चालकाच्या पायाशी शिरतो. नळी चासीला आवळून वेल्ड करून चालत नाही. एंजिन हलते, चासीही वळते. त्यामुळे मध्ये लवचिक जोड व वर रबरी टांगण्या हव्यात. हे विसरणाऱ्या कारागिराची नळी काही आठवड्यांतच जोडापाशी चिरते. सर्व जोड प्रथम सैल ठेवून, नळी सर्वत्र मोकळी आहे असे पाहून, मगच पुढून मागे एकेक घट्ट करावयाचे असतात.

भंडाऱ्याचा पितळी भांड्यांचा लौकिक जुना आहे, आणि जुने वेल्डर पातळ पत्र्याचा जोड पितळी कांडीने झाळीत असत. या दोन गोष्टी जोडून परंपरेची एक सुंदर कथा रचण्याचा मोह अभ्यासकाने आवरलेला बरा. कासाराची विद्या निराळी, मोटार-मिस्त्र्याची निराळी. दुसरी लष्करी लॉऱ्यांतून, गॅरेजमधील उमेदवारीतून आणि महामार्गावरील बिघाडांतून आली.

जिल्ह्यातील पिकांमुळे या व्यवहारात आणखी एक बाब शिरते. तणस वाहणाऱ्या गाडीच्या नळीचे तोंड कोठे आहे हा सौंदर्याचा प्रश्न नसतो. नियमांनीही दिशा ठरविलेली आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११२ व्या नियमाप्रमाणे धूर खाली वा डाव्या बाजूस सोडता येत नाही. तो मागे किंवा उजवीकडे गेला पाहिजे. खाली सोडला तर रस्त्यावरची धूळ उधळते. आणि भारतात गाडी डावीकडून चालत असल्याने पादचारी, सायकलस्वार व दुकानांच्या पायऱ्या गाडीच्या डाव्या हाताला असतात. ज्या मिस्त्र्याने हा नियम कधी वाचला नाही तोही नळी उजव्या बाजूने वा मागे काढी, कारण मूळ नळी तशीच असे. अनुकरणातून कायदा पाळला जाण्याचे हे एक चांगले उदाहरण होय.

याच नियमांतील १२० वा नियम सायलेन्सरचा. प्रत्येक मोटारीस प्रसरणकक्ष वा अन्य उपायाने निष्कास वायूचा आवाज व्यवहार्य तितका कमी करणारे साधन असलेच पाहिजे, असे तो सांगतो. ‘व्यवहार्य तितका’ हे शब्द जुन्या कायद्याच्या वळणाचे आहेत; त्यांत आकडा नाही. आकडा १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालील नियमांनी पुरविला. निर्मितीच्या टप्प्यावर चार टनांपर्यंतच्या मालमोटारीस ८५ डेसिबेल, त्यापुढे बारा टनांपर्यंत ८९ आणि त्याहून जड गाडीस ९१ अशा मर्यादा त्यांत घालण्यात आल्या. डेसिबेलची मोजपट्टी साधी नसते. दहा अंकांची वाढ म्हणजे ध्वनिशक्ती दहापट. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी वस्तीसाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा घातली. दोन्ही आकडे शेजारी ठेवले म्हणजे वस्तीतून जाणाऱ्या महामार्गाचे दुखणे लक्षात येते. नियमात बसणारी मालमोटारही घराजवळून जाताना त्या मर्यादेबाहेरच असते. मग जिच्या डब्यातील पडदे काढून टाकले आहेत तिची गोष्टच वेगळी.

पडदे काढण्यामागे शक्ती वाढते ही जुनी समजूत असते. पेट्रोलवरील वेगवान एंजिनात, झडपांची योजना विशिष्ट असेल तर, नळीच्या लांबीने व व्यासाने फरक पडतो हे खरे आहे. परंतु मालवाहू डिझेल एंजिनाची शक्ती मुख्यतः इंधनपंप किती डिझेल सोडतो यावर ठरते. टर्बो असलेल्या एंजिनात टर्बोचे चाक स्वतःच वायूच्या लाटा मोडून काढते; त्यामागील नळी मोकळी केल्याने थोडी सुधारणा होते, पण भाजीची पोती वाहणाऱ्या चालकास ती जाणवण्याइतकी क्वचितच असते. जाणवतो तो आवाज. आणि आवाज वाढला म्हणजे जोर वाढला असे मनाला वाटते.

दरम्यान नळीच्या अंतरंगात फार मोठा पालट झाला. डिझेल वाहनांच्या उत्सर्जनाची पहिली मानके १९९२ मध्ये आली. गंधक २००० मध्ये पाव टक्क्यावर, २००५ मध्ये दशलक्ष भागांत ५०० वर आणि देशभर २०१० मध्ये ३५० वर आले. २०१७ मध्ये भारत स्टेज चार सर्वत्र लागू झाले तेव्हा मर्यादा ५० झाली, आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाने ती १० वर आणली. एका पिढीत हजारपट घट! मिस्त्र्याच्या दृष्टीने याचा परिणाम विलक्षण विरोधाभासी ठरला. इंधन शुद्ध झाल्याने नळी आम्लाने सडण्याचे प्रमाण घटले. पण ज्या शुद्ध इंधनामुळे हे घडले, त्याच इंधनामुळे नळीत नाजूक रासायनिक साधने बसविणे शक्य झाले आणि नळी त्याच्या हातातून गेली. आता तिच्यात उत्प्रेरक असतो, काजळी अडविणारा गाळक असतो, कित्येक गाड्यांत यूरियाचे द्रावण फवारून नायट्रोजनची ऑक्साइडे नष्ट करणारा कक्ष असतो, आणि या सर्वांवर नजर ठेवणारे संवेदक एंजिनाच्या संगणकास बातमी देत असतात. गाळकात साचलेली काजळी जाळण्यासाठी तापमान सुमारे सहाशे अंश सेल्सिअसपर्यंत चढवावे लागते. सुकी तणस पसरलेल्या खळ्यावर अशी गाडी उभी करताना चालकाने हे ध्यानात ठेवलेच पाहिजे. अशा नळीचा तुकडा कापून साधा पाइप जोडला तर धूर वाढतो, संगणक दोष दाखवितो, आणि कित्येकदा एंजिनाची शक्ती मुद्दाम कमी करतो. शक्तीच्या लोभाने केलेला बदल शक्तीच्याच मुळावर येतो.

उत्प्रेरकातील प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंचे भाव २०२१ मध्ये कडाडले तेव्हा उभ्या व्हॅन गाड्यांचे सायलेन्सर चोरीस जाऊ लागले, याच्या बातम्या महाराष्ट्रात व गुजरातेत आल्या. ज्या वस्तूला पूर्वी भंगारवाला वजनावर घेई ती आता मौल्यवान ठरली.

कायद्याचा प्रवासही याच दिशेने झाला. १९८८ च्या कायद्याने केवळ खबर देण्याऐवजी बदलापूर्वी अधिकाऱ्याची मान्यता घ्यावी असे ठरविले. २००० च्या दुरुस्तीनंतर ५२ व्या कलमाचा रोख निर्मात्याकडे वळला: निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्र विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. केरळातून आलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हा अर्थ ठामपणे उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने परवानगीविना सुटे भाग बसवून गाडी बदलणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड ही शिक्षा ठेवली. आवाज व हवेची मानके मोडून गाडी चालविणाऱ्याचा दंड पहिल्या अपराधासाठी दहा हजारांपर्यंत नेला. खबर, मान्यता, निषेध अशा तीन पायऱ्यांनी गाडीचे अंतिम रूप ठरविण्याचा अधिकार मालकाकडून निर्मात्याकडे गेला.

येथे एक भेद करणे आवश्यक आहे, आणि लोकचर्चेत तो नेहमी निसटतो. नोंदणीपत्रात सायलेन्सरचा उल्लेख नसतो. त्यामुळे गंजलेला डबा काढून त्याच्याच तोडीचा दुसरा बसविणे, तो दुसऱ्या बनावटीचा असला तरी, केवळ तेवढ्याने निषिद्ध ठरत नाही. आवाजाची व धुराची मानके पाळली गेली म्हणजे दुरुस्ती ही दुरुस्तीच राहते. अपराध आहे तो साधनाचे कार्य नष्ट करण्यात. पण हा भेद मोजणार कोण? मालकाला ठरावीक मुदतीने ज्या प्रदूषण-नियंत्रण तपासणीस तोंड द्यावे लागते, तिच्यात डिझेल गाडीच्या धुराची घनता मोजली जाते. आवाज मोजला जात नाही. पडदे काढलेली गाडी म्हणून निर्वेधपणे प्रमाणपत्र मिळवू शकते. उलट महाराष्ट्रातील शहरांत जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोलर फिरविण्याचे जे प्रसंग पोलिसांनी घडवून आणले, त्यांत प्रायः मोटारसायकलींचेच सायलेन्सर होते. तपासणी बहिरी आणि कारवाई नाटकी, असे या व्यवस्थेचे वर्णन केले तर ते अन्यायाचे होणार नाही.

मालकाचा स्वातंत्र्याचा युक्तिवाद मात्र या नळीबाबत मुळातच दुबळा आहे. हौद्याचा रंग, त्यावरची अक्षरे, बसण्याची गादी यांचा परिणाम मालकापुरता असतो. नळीतून जे बाहेर पडते ते नेमके दुसऱ्याच्या वाट्यास येते. कोळशाच्या भट्टीचे उदाहरण येथे उपयोगी पडते. त्या वेळी बदलास मुभा मिळाली ती मालकाच्या इच्छेसाठी नव्हे, सार्वजनिक गरजेसाठी. आजही तसेच आहे. नैसर्गिक वायूवर गाडी चालविण्याचे संच जुन्या गाड्यांना बसविता येतात, कारण त्या संचांची चाचणी होऊन त्यांना मान्यता दिली जाते आणि बदल नोंदणीपत्रात चढविला जातो. बदलाचा दरवाजा कायद्याने पूर्ण बंद केलेला नाही. तो प्रमाणपत्राच्या कडीने लावला आहे. प्रश्न असा की, ही कडी तालुक्याच्या गावातील कारागिराच्या हाताला पोहोचेल अशा उंचीवर आहे काय. मान्यताप्राप्त भाग बनविणे हे पुण्याच्या प्रयोगशाळेत चाचणी देऊ शकणाऱ्या कारखान्याचे काम आहे. साकोलीच्या वा पवनीच्या वेल्डिंगच्या दुकानाचे नव्हे.

गडेगावच्या कारखान्यासमोरून जाणाऱ्या रस्त्यावर हा पालट प्रत्यक्ष पाहता येतो. तेथून निघणाऱ्या चासीवर हौदा अजूनही दुसरीकडे चढविता येतो, आणि तो कसा असावा यात मालकाचे म्हणणे चालते. परंतु तिच्याखालची नळी सीलबंद व क्रमांकित अवस्थेत एंजिनाचाच भाग म्हणून येते. त्याच रस्त्याने एमएच-३६ क्रमांकाची २०१७ पूर्वीची एखादी पिकअपही जाते, जिची नळी दोनदा तोडून जोडलेली असते आणि जिच्या टांगणीला जुन्या टायरचा कापलेला पट्टा असतो. या जुन्या गाड्या योग्यता-प्रमाणपत्रावर जोवर चालतील तोवर मिस्त्र्याची ती विद्या चालेल; त्यानंतर त्याच्याकडे फक्त हौद्याचे वेल्डिंग राहील.